शिवाच्या हाताची जीप

जीपखाली मी उताणा पडलो होतो, भुवईवर ग्रीसचा गोळा पडला होता, आणि बाहेर बाजेवर बसलेले अप्पा मला सांगत होते की हाच गिअरबॉक्स शिवानं एका दुपारात खाली उतरवला होता.

"एका दुपारात," ते पुन्हा म्हणाले. "जेवून आत गेला, चहाच्या वेळेला बाहेर आला. हात कोपरापर्यंत काळे."

माझी ती दुसरी दुपार होती. वरच्या अंगाचा एक बोल्ट डोळ्यांना दिसतच नव्हता. बोटांनी चाचपून पाना लावायचा, जोर करायचा, की पाना सटकायचा आणि बोटं लोखंडावर आपटायची. तिसऱ्यांदा सटकला तेव्हा मी एक कचकचीत शिवी हासडली. अप्पांना वाटलं बोल्टला दिली. मी तसंच वाटू दिलं.

शिवा म्हणजे शिवकांत. अप्पांचा एकुलता एक मुलगा आणि माझ्या बायकोचा पहिला नवरा. काविळीनं गेला, तरणाताठा. मागं राहिले अप्पा आणि सून महानंदा, म्हणजे नंदा. शिवाची आई त्याच्या आधीच गेलेली. अप्पांनी सुनेला माहेरी धाडलं नाही, की घरात कोपऱ्यात बसवून ठेवलं नाही. दुःखाचं वर्ष सरल्यावर स्वतः स्थळं बघत हिंडले, आणि लेक म्हणून तिचं लग्न लावून दिलं. उदगीरकडं आमच्या लिंगायत समाजात तेव्हा ही गोष्ट नवीनच होती. भावकीनं नाकं मुरडली, पण अप्पांनी कुणाला भीक घातली नाही. त्यांना जे स्थळ मिळालं ते मी, सिद्राम. वीज मंडळात वायरमन, आईबाप नाहीत, भावांशी पटत नाही, लग्नाचं वय उलटून चाललेलं. अप्पांची अट एकच होती, जावयानं ह्याच घरात राहायचं. मला तरी कुठं दुसरं घर होतं?

माणूस म्हणून अप्पा सोन्यासारखे. जावई म्हणून मला मान द्यायचे, पहिली भाकरी माझ्या ताटात पडायची. पण त्या घरात जिकडं हात घालावा तिकडं शिवा आडवा यायचा. ही खुंटी शिवानं ठोकली, हा पंप शिवानं बसवला, ही बाज शिवाच्या आवडीची. पंपाची सगळी वायर मी नवीन ओढली, तर शेजारणी म्हणायच्या, शिवाचा पंप अजून कसा छान चालतोय बघा. आणि जीप तर विचारूच नका. मी ती बाजारातून नेली की लोक हात वर करायचे ते जीपला, मला नव्हे. जिवंत माणूस असता तर एकदा काय ते तोंडावर बोलून मोकळा झालो असतो. मेलेल्या माणसाचं काय करायचं? तो चुकत नाही, त्याचे केस पिकत नाहीत, कुणाला तो उलट बोलत नाही. रोज सकाळी त्याच्या फोटोला उदबत्ती लावायची आणि दिवसभर त्याच्यावर जळत बसायचं, असं माझं चाललं होतं.

नंदा मात्र त्याचं नाव काढायची नाही. लोकांना वाटेल, बरं झालं की. मला तसं वाटायचं नाही. चार गोष्टी बोलली असती तर चार गोष्टींवरच जळलो असतो. ती गप्प, म्हणून मी मनानंच सगळं रचत बसायचो. मीच खोदून खोदून विचारायचो, शिवाला कुठली भाजी आवडायची, शिवा रागावायचा का, शिवा तुला काय म्हणून हाक मारायचा. ती "आता कशाला ते" म्हणून चुलीकडं वळायची.

त्या साली नवरात्रात जीपचा क्लच सटकायला लागला. इंजिन नुसतं ओरडायचं आणि गाडी जागची हलायची नाही. दसऱ्याला सीमोल्लंघनाला अप्पा जीपमधून माळावर जायचे, हा त्या घरचा शिरस्ता. शिवा गेल्यावरही दोन दसरे भाड्याचा ड्रायव्हर लावून त्यांनी तो मोडला नव्हता. गेल्या दसऱ्याला मला वीज मंडळाची ड्युटी होती; ह्या दसऱ्याला गाडी मी चालवणार होतो. अप्पा म्हणाले, मिस्त्रीला बोलावू. मी म्हणालो, नको, मी करतो. त्यांनी माझ्याकडं जरा जास्तच वेळ बघितलं आणि हळूच म्हणाले, "शिवा पण कधी मिस्त्री बोलावू द्यायचा नाही."

झालं, मी तिथंच अडकलो. आता गाडी दसऱ्याला माझ्या हातून चालू झाली नाही, तर त्या घरात जन्मभर मी शिवाच्या जागेवर बसवलेला माणूस म्हणूनच राहणार, हे मला पक्कं कळलं. कुणाच्या क्लचचं नसेल एवढं ओझं मी त्या क्लचचं घेतलं.

तो बोल्ट शेवटी निघाला. गिअरबॉक्स उतरवायला शेजारचे रेवणतात्या आले. तात्या तेलाच्या घाण्याचे मालक, अंगानं दांडगे आणि तोंडानं त्याहून दांडगे. दोघांनी मिळून ते धूड पोत्यांवर टेकवलं, आणि घाम पुसत तात्या पत्र्याच्या शेडकडं बघून हसले.

"ह्या शेडची काय कहाणी सांगू जावई तुम्हाला," ते म्हणाले. "शिवाचं नवीन लग्न झालेलं. गाडी दुरुस्त करायची म्हणून दोघं नवराबायको आत जायचे, की पत्र्याचं दार बंद. दोन-दोन तास. आम्ही आपले घाण्यावर बसून हसायचो. कसली दुरुस्ती न कसलं काय."

असं म्हणून त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली, आणि मी हसलो नाही तेव्हा कुठं त्यांच्या ध्यानात आलं की आपण हे कुणाला सांगतोय. मग त्यांना एकदम घाण्यावरचं काम आठवलं. ते गेले, पण ती गोष्ट काही गेली नाही. मी त्या शेडमध्ये एकटाच उभा होतो. हेच दार, हीच जीप, हीच पोती. माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला. माझ्याशी लग्न होऊन दोन वर्षं होत आली तरी नंदानं कधी त्या शेडमध्ये पाऊल टाकलं नव्हतं. चहासुद्धा उंबऱ्यावर ठेवून जायची. आता मला त्याचं कारण कळलं असं वाटलं. तिला ती जागा बाटवायची नव्हती.

त्या रागातच मी क्लचची जुनी प्लेट काढली. ती निघाली बिनबोभाट. लातूरहून आणलेली नवीन प्लेट तयार होती. पण फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनमागच्या जड चाकाच्या, बरोबर मधोमध एक भोक असतं आणि त्यात एक पितळी बुश घट्ट बसवलेला असतो, अंगठ्याएवढा. गिअरबॉक्सच्या दांड्याचं टोक त्यात फिरतं. तो बुश झिजून गेला होता. तो बदलल्याशिवाय नवीन प्लेट घालायची म्हणजे पुन्हा महिन्याभरात हेच सगळं करायचं. नवीन बुश माझ्या खिशात होता. जुना काही निघायला तयार नव्हता. मागून ठोकायला जागा नाही, पुढून धरायला कड नाही. स्क्रू-ड्रायव्हर घातला, तो वाकला. छिन्नी लावली, तर बुशाचा एक टवका उडाला आणि बुश तिथंच. तारेचा हूक करून ओढला, तर हूकच सरळ झाला. माझ्या हातांना नुसत्या जखमा झाल्या.

अप्पा दाराशी येऊन उभे राहिले. म्हणाले, शिवानं हा बुश एकदा काढला होता. मी विचारलं, कसा? ते म्हणाले, "ते काय मला माहीत? दार बंद होतं."

हे ऐकून माझ्या हातून हातोडाच निसटला.

अष्टमीची संध्याकाळ झाली आणि अप्पांनी सांगितलं, आता हत्यारं द्या. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा होते आणि पूजेत मांडलेल्या हत्याराला हात लावायचा नसतो, दसऱ्याला सकाळी पूजा उतरेपर्यंत. मी म्हणालो, अप्पा, हा बुश तेवढा निघू द्या. ते म्हणाले, निघाला असता तर ठीक होतं. आवाज चढवला नाही, पण ह्या बाबतीत त्यांच्यापुढं कुणाचं चालायचं नाही. मी पाने, छिन्न्या, हातोडा, सगळं रॉकेलनं पुसून पेटीत भरलं आणि देवघरापुढं नेऊन मांडलं. माझी वीज मंडळाची पक्कडसुद्धा त्यात गेली. नंदानं विळी आणि सुऱ्या मांडल्या. अप्पांनी सगळ्या हत्यारांना विभूती लावली, हळदकुंकू वाहिलं, झेंडूची फुलं ठेवली. मी हात जोडून उभा होतो आणि मनात हिशेब करत होतो. दसऱ्याला सकाळी हत्यारं हातात येणार, दुपारी चारला अप्पा निघणार. तेवढ्यात नवीन प्लेट चढेल, गिअरबॉक्स चढेल. बुश मात्र निघणार नाही.

खंडेनवमीला सकाळीच अप्पा मठात गेले. ते दुपारपर्यंत तरी येणार नव्हते. मला घरात चैन पडेना. हातात काही नसताना शेडमध्ये जाऊन त्या भोकाकडं बघत बसलो. शिवानं काढला होता म्हणजे निघतो. शिवाला जमलं, मला जमत नाही. एवढंच डोक्यात फिरत होतं.

तेवढ्यात नंदा आली. आत आली. तिच्या एका हातात परात होती, परातीत कणकेचा गोळा आणि ताक घुसळायची रवी. दुसऱ्या हातात वरवंटा, कमरेशी टेकवून धरलेला. मी बघतच राहिलो. तिनं परात खाली ठेवली, पत्र्याचं दार ओढलं, आणि न बघता पायानं एक वीट सरकवून दाराला लावली. ती वीट कुठं असते हे मला दोन वर्षांत कळलं नव्हतं.

ते बघून माझा तोल गेला.

"शिवाबरोबर असंच दार लावून बसायचीस?"

तिनं माझ्याकडं बघितलं. लाजली नाही की चिडली नाही. "हो," म्हणाली.

"तात्या सांगत होते. सगळ्या गावाला माहीत आहे."

"तात्यांना काय माहीत आहे?"

मला ते तोंडानं म्हणवेना. मी दुसरीकडं तोंड फिरवलं. तिनं पदर खोचला, नेसूचा काष्टा घातला, पोतं ओढलं आणि जीपखाली शिरली. कुठं वाकायचं, कुठं डोकं चुकवायचं, तिला काही विचारावं लागलं नाही. मी दोन दिवसांत दहा वेळा कपाळ आपटून घेतलं होतं. ती सरळ फ्लायव्हीलपाशी जाऊन पाठीवर पडली आणि भोकात बोट घालून बघितलं.

"टवका उडवलात होय," ती म्हणाली. "कणीक द्या."

मी कणीक दिली. घट्ट मळलेली होती, तेल न घातलेली. तिनं एक-एक गोळी करून त्या भोकात कोंबायला सुरुवात केली, अंगठ्यानं दाबून दाबून, बुशाच्या मागं जेवढी पोकळी होती तेवढी भरेपर्यंत. मग रवीचा दांडा मागितला. दांड्याच्या टोकाला ओल्या चिंधीचा वेढा दिला आणि तो बुशात घट्ट बसवला.

"आत या आणि दांडा सरळ धरा. कलू देऊ नका."

मी आत सरकलो. आमची डोकी जवळजवळ लागत होती. तिनं वरवंटा दोन्ही हातांनी आडवा धरला आणि दांड्याच्या टोकावर ठोकला. कणीक आत दबली. पुन्हा कणीक भरली, पुन्हा दांडा, पुन्हा ठोका. आता मला कळायला लागलं. कणकेला पलीकडं जायला वाट नव्हती, दांड्यानं पुढची वाट बंद केलेली, तेव्हा ती मागून बुशालाच बाहेर ढकलत होती. तिसऱ्यांदा ठोकल्यावर बुश केसभर पुढं आला. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. अजून दोनदा कणीक भरावी लागली. शेवटच्या ठोक्याला दांडा एकदम सैल झाला आणि बुश कणकेसकट माझ्या छातीवर पडला.

हत्याराला हात न लावता निघाला. मला आनंद व्हायला पाहिजे होता. माझ्या तोंडून निघालं ते हे:

"शिवानं शिकवलं?"

ती हसायला लागली. जीपखाली पडल्या पडल्या, पोट धरून. मला राग आला, मग नवल वाटलं, कारण एवढं मोकळं हसताना मी तिला पाहिलंच नव्हतं.

"त्यांनी?" ती म्हणाली. "त्यांना ह्या गाडीखाली यायचंच भ्या वाटायचं. अंगावर पडेल म्हणून. एकदा आत शिरले आणि घामाघूम होऊन बाहेर आले ते पुन्हा कधी गेले नाहीत."

मला काही समजेना. मग तिनं सांगितलं. तिचे वडील निलंग्याकडच्या खेड्यात विहिरींवरची डिझेल इंजिनं दुरुस्त करायचे. त्यांना मुलगा नव्हता. नंदा लहानपणापासून त्यांच्या हाताखाली, पाने देता देता स्वतःच पाने धरायला शिकली. कणकेनं बुश काढायची युक्ती त्यांचीच. लग्न होऊन इथं आली तेव्हा शिवाच्या मेकॅनिकगिरीचा गावात आधीच बोलबाला होता. तो गाडी झकास चालवायचा आणि गाडीबद्दल बोलायचा त्याहून झकास. अप्पा चारचौघांत त्याचं कौतुक करायचे. एक दिवस जीप बंद पडली आणि अप्पा म्हणाले, मिस्त्री कशाला, आपला शिवा आहे. शिवा रात्री उशीत तोंड खुपसून पडला. तेव्हा नंदा म्हणाली, चला, मी बघते.

"बाई माणूस गाडीखाली शिरलेलं दिसलं असतं तर लोकांनी काय म्हटलं असतं? म्हणून दार लावायचं," ती म्हणाली. "मी खाली, ते पोत्यावर बसून गप्पा मारायचे; गिअरबॉक्स उतरवताना तेवढा वरून दोर धरायचे. काम झालं की हाताला ग्रीस चोळून ते आधी बाहेर जायचे. मी मागनं."

दोन तास बंद असलेल्या त्या दाराचं मी काय काय करून ठेवलं होतं, आणि आत काय चाललं होतं. बोल्ट. बुश. ग्रीस. मी ज्या माणसावर इतके दिवस जळत होतो, त्यातला मला टोचणारा भाग माझ्याच बायकोचा होता. तुम्हाला वाटेल, माझा जीव थंड झाला असेल. नाही झाला. उलट एक नवीनच आग लागली.

"एवढं केलंस त्याच्यासाठी," मी म्हणालो. "स्वतःचं काम त्याच्या नावावर केलंस. मेल्यावरसुद्धा कुणाला कळू दिलं नाहीस."

"त्यांना अप्पांपुढं मान पाहिजे होता. मला गाडी चालू पाहिजे होती. दोघांचं भागत होतं."

"आणि मी इथं दोन दिवस बोटं फोडून घेत होतो, ते बघत होतीस. मला का नाही सांगितलंस?"

ती उठून बसली, जेवढं जीपखाली बसता येईल तेवढं. कपाळाला कणीक लागली होती.

"तुम्ही मला कधी विचारलंत?" ती म्हणाली. "शिवाला काय आवडायचं, शिवा काय म्हणायचा, शिवा कसा वागायचा. ह्या घरात आल्यापासून तुम्ही शिवाशीच संसार करताय. मला काय येतं, हे एकदा तरी विचारलंत?"

ती बाहेर निघाली, परात उचलली, वीट पायानं बाजूला केली. दार उघडताना मात्र थांबली आणि म्हणाली, अप्पांना हे कळता कामा नये, त्यांचा मुलगा गेला आहे, आता मुलाचं नाव तरी राहू द्या. मी मान हलवली. मग ती माझ्याकडं निरखून बघत म्हणाली, हातांना जरा कणीक लावून घ्या. मला वाटलं चेष्टा करते आहे. ती चेष्टा नव्हती. त्याच्या हाताला ग्रीस, माझ्या हाताला कणीक.

दसऱ्याला पहाटेच अप्पांनी पूजा उतरवली आणि मला हत्यारं मिळाली. नवीन बुश मी बसवला, प्लेट चढवली. दार उघडंच होतं. कुठं अडलं की मी घरात जाऊन पाणी प्यायचो, आणि नंदा भाजी निवडता निवडता, मान वर न करता सांगायची की प्लेट मधोमध बसली नसेल, आधी ढिली ठेवा, मग आवळा. रेवणतात्या आले, गिअरबॉक्स चढला. दुपारी मी गाडी सुरू केली, गिअर टाकला, क्लच सोडला, आणि जीप अशी सुरसुर पुढं गेली की तात्यांनी टाळ्या वाजवल्या.

अप्पा धोतर नेसून, फेटा बांधून तयार होते. नंदा आरतीचं ताट घेऊन उंबऱ्यावर उभी. शेजारची चार माणसं जमली होती, कारण शिवाची जीप दसऱ्याला निघणार की नाही ह्यावर दोन दिवस गल्लीत चर्चा चालली होती. जुना बुश मी बॉनेटवर ठेवला होता. अप्पांनी तो उचलला, फिरवून बघितला, आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"हा कधी निघाला?"

"काल," मी म्हणालो.

"काल खंडेनवमी होती."

अप्पांच्या मनात काय आलं ते मला कळलं. पूजेतली हत्यारं मी चोरून वापरली, असं त्यांना वाटलं. मी तोंड उघडणार, तोच मागून नंदाचा आवाज आला.

"हत्याराला हात नाही लावला अप्पा. ह्यांनी कणीक भरून काढला. माझ्याकडनं कणीक नेली आणि रवीच्या दांड्यानं काढला."

अप्पांचा चेहरा बदलला. असा चेहरा माझ्यासाठी झालेला मी त्या घरात एकदाही पाहिला नव्हता. तात्या म्हणाले, "वा जावई, शिवाची गादी चालवलीत म्हणायची." एकजण म्हणाला, हात तोच. कुणीतरी माझ्या खांद्यावर हात ठेवला. दोन वर्षं ज्याच्यासाठी मी झुरलो ते सगळं एका मिनिटात माझ्या पदरात पडलं. मी नंदाकडं बघितलं. तिनं नजर ताटातल्या निरांजनावर लावली होती. चेहरा अगदी शांत. ती अशीच उभी राहिली असणार, त्याच्याही वेळी, ह्याच उंबऱ्यावर, आणि तो हात काळे करून इथंच उभा राहिला असणार जिथं मी उभा होतो. शिवाच्या तोडीचं व्हायचं होतं ना मला? झालो होतो की. नुसतं गप्प बसायचं बाकी होतं.

"अप्पा," मी म्हणालो, "मी नाही काढला. हिनं काढला. मी नुसता दांडा धरला होता."

तात्यांचं हसू तोंडावरच राहिलं. नंदानं झटकन माझ्याकडं बघितलं, घाबरून. मी शिवाचं नावसुद्धा घेतलं नव्हतं आणि घेणारही नव्हतो. पण आता अप्पा विचारतील, हिला हे कुठून येतं, मग पुढचं सगळं ओघानं निघेल, अशी भीती आता मलाही वाटली.

अप्पांनी काही विचारलं नाही. तो बुश त्यांनी बोटांत एकदा फिरवला. मग नंदाजवळ गेले, तिचा हात धरून त्यावर बुश ठेवला आणि तिची मूठ मिटली. माझ्याकडं वळले तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते.

"शिवाला हे एकदाही म्हणता आलं नाही," ते म्हणाले. "मी वाट बघत होतो."